जंगलात एकटं राहून पाहिलं : अकरा महिन्यांचा हिशेब

बोडीकाठ | रविवार, रात्री ९:१२

इथे दर सहा महिन्यांनी कुणीतरी 'सगळं सोडून जंगलात जावंसं वाटतं' असा धागा काढतं. मग पन्नास जण 'मलाही, मलाही' करतात आणि शेवटी गाडी गावरान कोंबडीच्या रश्श्यावर येऊन थांबते. मी खरंच गेलो होतो, म्हणून हा हिशेब मांडतो आहे.

गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका. गावाचं नाव देत नाही, त्या लोकांना माझ्यामुळे पाहुण्यांचा ताप नको. दिवाळी आटोपून गेलो आणि पुढच्या दसऱ्याला परत आलो. वय तेव्हा ४१. मूळचा नागपूरचा, नोकरी पुण्यात, आणि काम असं की रात्री दीडला फोन वाजला तरी 'हो सर' म्हणायचं. आई गेल्यावर तेराव्याच्या दिवशीसुद्धा मी गच्चीवर जाऊन एक कॉल घेतला होता. त्या कॉलवर काय बोलणं झालं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. त्या दिवशी घरी कोण कोण आलं होतं ते मात्र आठवत नाही. बाकी कारणं सांगत बसत नाही.

जागा जंगलात नव्हती, जंगलाला लागून होती. हे आधीच सांगतो, नाहीतर खाली कुणीतरी कायदा काढेल. मित्राच्या मामाची दोन एकर धानाची बांधी, वरच्या अंगाला बोडी, म्हणजे छोटं तळं, बोडीच्या पाळीवर (बांधावर) मोहाची चार झाडं आणि त्यामागे थेट राखीव जंगल. मामांनी वर्षाच्या मक्त्याने दिली. गाव दीड किलोमीटरवर, मध्ये नाला. नाल्याच्या पलीकडे लगेच पाच घरांचा टोला. खोपडी गावातल्या चौघांनी नऊ दिवसांत उभी करून दिली. कुडाच्या भिंती, शेणामातीचा लेप, वर कवेलू. एकटं राहायला चार माणसं लागली हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण मी खुशीत होतो.

मी नियम केले होते. फोन बंद करून टोल्यावरच्या किराणा दुकानात ठेवायचा. बाजार पंधरा दिवसांतून एकदा. कुणी आलंच तर बसायला सांगायचं नाही. हा तिसरा नियम टाईप करताना आता लाज वाटते.

हिवाळा सुखात गेला, खोटं कशाला बोलू. पहाटे बोडीवर वाफ, अडईंचा थवा, आणि रात्री रातव्याचं ते 'चक्-चक्-चक्', पत्र्यावरून गोटी टप्पे खात जावी तसं. पहिल्यांदाच कळलं की मला झोप येते. फक्त एका रात्री डुकरांनी रताळ्यांचा अख्खा वाफा नांगरून टाकला. मी दारात उभा राहून टॉर्च मारत होतो आणि ती माझ्याकडे न बघता खात होती.

लोक विचारतात, दिवस कशात जायचा? पाण्यात आणि लाकडात. मार्चमध्ये बोडी आटली. नाल्याची वाळू वरून ठणठणीत दिसते, पण गुडघाभर उकरलं की ओल लागते. त्याला झिरा म्हणतात. पहिलं पाणी गढूळ, ते वाटीने उपसून फेकायचं. दुसरंही फेकायचं. तिसऱ्यांदा जे हळूहळू चढतं ते निवळ. एक हंडा भरायला पाऊण तास. पहिल्या दिवशी मी झिरा उघडाच टाकून आलो आणि दुसऱ्या सकाळी डुकरांनी तिथे लोळून चिखल करून ठेवलेला. टोल्यावरची एक बाई वाटेने जात होती. काही न बोलता तिने बोरीच्या काट्या ओढून आणल्या, झिऱ्यावर टाकल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली. शिकवणी झाली.

आणि मग मोह पडायला लागला. पहाटे चारला पाळीवर आवाज. एक म्हातारी आणि तिच्या दोन नाती, टोपल्या घेऊन. पिढ्यानपिढ्या तीच झाडं वेचणारं घर ते, आणि मी म्हणजे मध्येच उगवलेलं भूछत्र. मोठमोठ्याने बोलत, मध्येच एकमेकींना हाका मारत त्यांचं वेचणं चाललेलं. चौथ्या दिवशी मी जाऊन सांगितलं की आजी, जरा हळू बोला, मी इथे शांततेसाठी आलो आहे.

म्हातारी हसली. म्हणाली, "हळू बोललो अन् अस्वल आलं, तं त्याले कसं कळंन का आमी हाओत म्हनून?"

अस्वलाला मोहफुलं आपल्याइतकीच आवडतात. ती बडबड म्हणजे त्यांची घंटा होती.

पावसाळा नंतर लिहितो. इथे लाईट जायची वेळ झाली.

---

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री ९:४०

काहून बाप्पा! माहा बाप चाळीस वर्सापासून वावरात जागल करते. मचानीवर एकटा, थंडीत घोंगडं पांघरून, रोही अन् डुकराच्या पायी. त्याले कोनी 'समाजापासून दूर गेला' म्हनत नाही, 'बुढा घरी झोपत नाही' म्हनते.

लेख झकास हाय. पावसाया लिवा लवकर.

---

रानवेडा_९७ | रविवार, रात्री १०:०५

दादा, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. मी यवतमाळचा, सध्या पुण्यात. रोज जाऊन-येऊन तीन तास ट्रॅफिक, रूमवर चार जण, तरी बोलायला कुणी नाही. गेले वर्षभर तयारी करतोय. कुऱ्हाड, तंबू, सोलर दिवा, पाणी गाळायची नळी, सगळं घेऊन झालंय. चितमपल्ली सरांनी सगळं आयुष्य जंगलात काढलं, मग आपल्याला एक वर्ष का जमू नये? मला गाव, टोला काहीच जवळ नको आहे. पूर्ण आतली जागा हवी. नागझिरा किंवा मेळघाटाच्या बाजूला कुणाला माहीत आहे का?

---

बीट_नंबर_सात | सोमवार, सकाळी ७:५०

बोडीकाठ यांनी भाकीत केलंच आहे, तर कायदा मीच काढतो. मी वनखात्यात आहे, एवढी ओळख पुरे.

रानवेडा, नागझिरा अभयारण्य आहे आणि मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला एक. अभयारण्यात परवान्याशिवाय पाय ठेवणंच गुन्हा, वन्यजीव कायदा १९७२, कलम २७. साध्या राखीव जंगलात झोपडी टाकली, झाड तोडलं, आग लावली तर वन अधिनियम १९२७, कलम २६. मागे एकाने मला चक्क वनहक्काचा पट्टा मागितला होता. तो २००६ चा कायदा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलावर जगत आलेल्यांसाठी आहे. आदिवासी नसाल तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. यवतमाळचे आहात, घरी सातबारा असेल तर शेत विकत घेऊ शकाल, नसेल तर तेही अवघड. आणि आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, मक्त्यानेसुद्धा नाही. बोडीकाठ, तुमचे मित्राचे मामा त्यातले नसतील अशी आशा करतो.

हे झालं कागदाचं. खरी गोष्ट अशी की ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात आम्ही गावोगावी फिरून एकच सांगतो : जंगलात एकटे जाऊ नका, चार-पाच जण मिळून जा, बोलत जा. मोह किंवा तेंदूपत्ता तोडायला माणूस वाकून बसला की वाघाला तो माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. आम्ही स्वतः गस्तीला एकटे जात नाही, हातात काठी आणि सरकारी गणवेश असूनही. आणि तुम्ही म्हणता पूर्ण आतली जागा.

चितमपल्ली साहेबांचं म्हणाल तर ते खात्यात नोकरीला होते. पगार, क्वार्टर, हाताखाली माणसं. ते जंगलात राहिले, पण एकटे कुठे राहिले? पाखरांची, झाडांची, माशांची ती नावं त्यांनी गोळा केली कुणाकडून? गोंड, माडिया, ढिवर, पारधी यांच्याकडून. नवेगावबांधच्या तळ्याकाठी ढिवरांबरोबर बसल्याशिवाय मासा कळत नाही हो.

---

बोडीकाठ | सोमवार, सकाळी ८:३०

बीट नंबर सात, मामा बिगर-आदिवासी आहेत, सातबारा पाहिला होता. आभार.

---

झाडीची_लेक | सोमवार, दुपारी १:२०

माझं माहेर तिकडचंच, आता नोकरीसाठी नागपुरात. लेख आवडला, म्हणून एक टोचणारी गोष्ट लिहिते. राग मानू नका.

माझी आत्या नवरा गेल्यावर शेतातल्या खोपडीत राहायला गेली. एकटी. कारण तुमच्यासारखंच, तिला कटकट नको होती. भावजयांची बोलणी नकोत, कुणाचं पोर सांभाळणं नको. दोन कोंबड्या, थोडी लाखोळी, वांगी, मिरच्या. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी गावात लागोपाठ दोन बैल मेले आणि एक लेकरू आजारी पडलं. मग कुणीतरी म्हणालं, ती रात्री काय करते एकटी? बस. महिन्याभरात माझ्या वडिलांनी तिला गाडीबैलात घालून घरी आणलं. जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये आला, आत्याचं त्याच्या आधीचं. पण कायदा पोचेपर्यंत माणूस शिल्लक राहायला हवा ना.

तुम्ही अकरा महिने एकटे राहिलात. लोक फार तर काय म्हणाले असतील? साहेबाचं डोकं फिरलंय. तेवढंच.

दुसरं. ज्या जंगलाच्या शांततेसाठी शहरातून लोक येतात ते जंगल शांततेने राखलेलं नाही. आमच्या तालुक्यातलंच लेखा-मेंढा घ्या. २००९ मध्ये त्या गावाला जवळपास १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे कित्येक वर्षांच्या बैठका आहेत. तिथे मतदानाने ठरत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. एकाला पटलं नाही की पुन्हा बसतात. इतकी कचकच झाल्यावर तो बांबू उभा आहे.

---

धाम_काठचा | सोमवार, दुपारी ३:४५

झाडीची_लेक, प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

मी वर्धेकडचा, म्हणून आमच्याकडचं उदाहरण देतो. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले ते एकटं राहायच्या बेताने. बा नको, सहकारी नकोत, एका खेड्यात साधं झोपडं. खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये आणि सामान जवळपासचंच असावं ही अट. ती पहिली वास्तू म्हणजे आदिनिवास. झालं काय? एकाच खोलीत बापू, बा, प्यारेलाल, मग खान अब्दुल गफार खान, आणि आपले तुकडोजी महाराजही. ज्याला एकांत हवा होता त्याच्या अंथरुणाशेजारी भजन!

पुढे पत्रं इतकी यायला लागली की ती शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम केलं. व्हाइसरॉयने दिल्लीहून बोलायला टेलिफोन बसवून दिला, तो अजून तिथे बघायला मिळतो. साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजराही आहे, मारायचा नाही, लांब नेऊन सोडायचा. आणि पहिल्याच पावसाळ्यात बापूंना मलेरिया झाला, वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

बोडीकाठ, तुमचा पावसाळा वाचायचा आहे. मला वाटतं मी ओळखलंय.

---

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, दुपारी ४:०२

इथं बी टेलिफोन सुटला नाही राजेहो.

---

बोडीकाठ | सोमवार, रात्री १०:१५

धाम_काठचा, ओळखलंत.

आधी टोल्यावरच्या बाबाजीबद्दल सांगायला हवं. सत्तरीच्या पुढचा, कानाने जरा कमी, डोळ्याने तेज. मी राहायला गेल्यापासून तो आठवड्यातून दोनदा यायचा. निमित्त ठरलेलं : "माचिस हाय का?" मी द्यायचो. तो बिडी पेटवायचा, खोपडीकडे, चुलीकडे, माझ्याकडे बघायचा आणि जायचा. मला वैताग यायचा. संक्रांतीच्या सुमारास मी कुंपणातली वाट काट्यांनी बंद केली. तो काट्यांच्या पलीकडून हाक मारायला लागला.

पहिल्या पावसानंतर सात्या निघाल्या. वाळवीच्या वारुळावर येतात ती आळिंबी, आणि पहाटे जो पोचेल त्याची. बाबाजी पसाभर सात्या पळसाच्या पानात घेऊन आला. मी नियमाप्रमाणे त्याला बस म्हटलं नाही. त्याने पान काट्यांच्या फटीतून आत सरकवलं आणि गेला.

जुलैत नाला भरला की कधी दोन दिवस, कधी पाच दिवस रस्ता बंद. पावसाळ्यात सगळी अक्कल सुक्या लाकडाला लागते. चुलीच्या वर बांबूचा माळा करून त्यावर लाकडं रचायची, म्हणजे आजचा विस्तव उद्याचं लाकूड वाळवतो. मला ते जमलं होतं आणि त्याचा गर्वही झाला होता.

श्रावणात ताप आला. हुडहुडी भरून. रात्री घाम फुटला, उतरला, वाटलं गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी चूल पेटवायला उठलो तो उंबऱ्यातच बसलो. पुढचं तुटक आठवतं. हंडा रिकामा होता आणि बाहेर धो धो पाऊस. दारात हात बाहेर काढला असता तरी पाणी मिळालं असतं, पण मला ते सुचलं नाही. मला झिऱ्याची स्वप्नं पडत होती. पाणी चढतंय, चढतंय आणि मी फेकून देतोय.

मग कुणीतरी काट्या तुडवत आलं. बाबाजीचा नातू, चौदा-पंधरा वर्षांचा, छातीपर्यंत भिजलेला. भरल्या नाल्यातून आला होता. त्याने 'काय झालं' असं विचारलं नाही. म्हणाला, "चूल काहून नाही पेटवली?"

बाबाजी रोज सकाळी दात घासताना माझ्या बाजूला बघायचा. मोहाच्या झाडांवर धूर दिसला की चूळ भरून आत जायचा. दिवाळीपासून, रोज. पहिल्या दिवशी धूर नाही दिसला तर पावसाने दिसत नसेल म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोराला धाडलं. आणि माचिस? त्याच्या बंडीच्या खिशात कायम असायची. नातवानेच सांगितलं, हसत.

आशाताई आल्या. बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब टाकला. फाल्सीपेरम मलेरिया. पहिली गोळी तिथेच दिली. मग खाट उलटी करून बांबूला बांधली आणि चौघांनी मला नाल्यापलीकडे नेलं, पुढे ट्रॅक्टर, पुढे रुग्णवाहिका. दवाखान्यात सहा दिवस.

परत आल्यावर पहिल्यांदा वाटेतल्या काट्या काढल्या. नंतरचे दीडेक महिने भूक असो नसो, सकाळी सहाला चूल पेटवायचो.

---

झाडीची_लेक | सोमवार, रात्री १०:५०

बाबाजी अजून आहे का?

---

बोडीकाठ | सोमवार, रात्री १०:५३

आहे. कान पूर्ण गेलाय.

---

स्टेथो | मंगळवार, सकाळी ६:३०

पूर्व विदर्भात काही वर्षं काढलेला डॉक्टर म्हणून थोडं. फाल्सीपेरम मेंदूत गेला की माणूस आधी बरळतो, मग बेशुद्ध होतो, आणि यात फार वेळ जात नाही. बोडीकाठ, तुम्ही हंडा आणि पावसाचं जे लिहिलंय ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. ती सुरुवात असू शकते. एकट्या माणसाची अडचण ही की आपण बरळतोय हे त्याला स्वतःला कळत नाही. ते दुसऱ्यानेच बघावं लागतं.

मण्यार सापाचंही तेच. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, डास चावल्याएवढंही जाणवत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. वेळेत आला तर लस आणि कृत्रिम श्वासावर माणूस परत येतो. 'झोपेतून उठत नाहीये' असं सांगणारं कुणी असेल तरच वेळेत येतो.

रानवेडा, खाट आणि मच्छरदाणी. तुमच्या कुऱ्हाडीआधी.

---

कसबा_पेठ | मंगळवार, सकाळी ११:१०

भावना बाजूला ठेवून विचारतो. ११ महिने खाल्लंत काय आणि कुणाच्या पैशाने? कारण मला तरी हे जंगलात राहणं कमी आणि लांबलेली सुट्टी जास्त वाटतेय.

---

बोडीकाठ | मंगळवार, दुपारी १२:००

रास्त प्रश्न. महिन्याला सरासरी ३२०० रुपये. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साबण, टॉर्चचे सेल, मक्त्याचा हिस्सा. स्वतः पिकवलं ते भाजी आणि थोडी मिरची. सुरण लावला होता, तो काढायच्या आधी मी निघून आलो. जंगलातून काटवलं, वास्ते, तरोटा, कुड्याची फुलं, टेंभरं. यातलं काय खायचं आणि काय नाही ते सगळं टोल्यावरून कळलेलं. तरोटा कोवळाच तोडायचा हे न विचारता केलं तेव्हा दिवसभर पोट धरून बसलो.

पैसे पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यातून. त्यामुळे सुट्टी म्हणालात तर वाद घालणार नाही.

---

पुस्तकी_किडा | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

धूर वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. अमेरिकेत मेन राज्यात एक जण १९८६ मध्ये विशीत असताना गाडी सोडून जंगलात शिरला आणि २०१३ मध्ये पकडला गेला. २७ वर्षं. तिथला हिवाळा म्हणजे बर्फच बर्फ, आणि इतक्या वर्षांत त्याने एकदाही शेकोटी पेटवली नाही, कारण धूर दिसला तर लोक येतील. मग जगला कसा? आसपासच्या तळ्याकाठच्या बंगल्यांत हजारेक चोऱ्या करून. अन्न, गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, पुस्तकं. म्हणजे ज्या समाजाचं तोंड बघायचं नव्हतं त्याच्याच फडताळावर.

दुसरं टोक रशियातलं. लिकोव्ह कुटुंब धर्मछळाला भिऊन सायबेरियाच्या जंगलात शिरलं. साल बघा, १९३६, गांधीजी सेगावला आले तेच. १९७८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांना सापडेपर्यंत त्यांना दुसरं महायुद्ध झाल्याचाही पत्ता नव्हता. १९६१ मध्ये जूनमध्ये बर्फ पडून पीक गेलं आणि पोरांना जगवताना आई उपाशी मेली. पुढच्या साली रायचं, म्हणजे गव्हासारख्या धान्याचं, एकच रोप उगवलं. उंदरांनी खाऊ नये म्हणून त्या एका रोपाभोवती कुंपण घालून अख्ख्या घराने रात्रंदिवस राखण केली आणि त्यातून बियाणं पुन्हा वाढवलं. वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या वडिलांना सांगा ही जागल.

आणि शास्त्रज्ञांनी देऊ केलेल्या वस्तूंतून त्यांनी आधी एकच घेतली. मीठ. चाळीस वर्षं मिठाशिवाय काढली, तो खरा छळ होता असं म्हातारा म्हणाला.

---

झाडीची_लेक | मंगळवार, संध्याकाळी ७:००

मिठाचं आमच्याकडे आजीला सांगा. व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी न्यायचे. चारोळीचा आजचा भाव नागपूरच्या किराण्यात बघा आणि मग मिठाचा बघा. मीठ जंगलात होत नाही, हे व्यापाऱ्याला आमच्याइतकंच माहीत होतं.

---

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, संध्याकाळी ७:३१

बुढ्याले वाचून दाखोलं. म्हने, एका धांड्यासाठी चार मानसं जागली, तं आपल्या चार एकराले मी एकटाच काहून जागतो बे? आता मले मचानीवर धाडून राह्यला. त्या किड्याचं भलं होवो.

---

रानवेडा_९७ | मंगळवार, रात्री ११:४०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. बीट नंबर सात, कायद्याबद्दल आभार, नागझिऱ्याचा विचार सोडला. स्टेथो, मच्छरदाणी घेतो.

पण खरं सांगू? इथून बाहेर पडायचंय हे काही कमी झालं नाही. बोडीकाठ दादा, तुम्ही आजारी पडलात म्हणून चूक ठरलात असं नाही ना? पहिले दोन महिने झोप लागली म्हणता. मला ती झोप हवीय. जाऊ की नको, सरळ सांगा.

---

बोडीकाठ | बुधवार, सकाळी ६:१०

नको म्हणणारा मी कोण. झोप खरी होती. आजही पुण्यात रात्री जाग आली की मी तीच खोपडी आठवून पडून राहतो. कामाचा फोन मात्र आता नऊनंतर बंद असतो. त्यासाठी जंगलात जायची गरज नव्हती, पण मला गेल्याशिवाय जमलं नाही, हेही खरं.

खोपडी अजून उभी आहे, बाबाजीचा नातू पावसात तिथे शेळ्या बांधतो. एक बाजू उधईने खाल्लीय. मार्चच्या शेवटी मोह पडेल तेव्हा आठ-दहा दिवसांची रजा काढ. खोपडीत नाही, टोल्यावर राहा, त्यांच्या ओसरीत. पहाटे चारला म्हातारीबरोबर वेचायला जा आणि मोठ्याने बोल. मला ते पहिल्या वर्षी जमलं नव्हतं, तोंडातून आवाजच निघेना. नाती हसून हसून लोळल्या. पुढच्या मोहाला गेलो तेव्हा जमलं. काहीही बोललं तरी चालतं, मी पाढे म्हणायचो. दहा दिवसांनी ठरव.

तुझी कुऱ्हाड घरीच ठेव, तिकडे बऱ्या आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. बाबाजीच्या घरी फोन नाही, दुकानाचा नंबर दिलाय. निरोप ठेव, पोचतो.

---

रानवेडा_९७ | बुधवार, सकाळी ८:०२

मिळाला व्यनि. मार्चची रजा आजच टाकतो. जाताना त्यांच्यासाठी काय नेऊ?

---

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, सकाळी ८:१५

बाबाजीले माचिस नेजो एक पुडा.

---

बोडीकाठ | बुधवार, सकाळी ८:२०

बिडी ने. माचिस आहे त्याच्याकडे.